या जेवाले

१

ही गोष्ट मार्तंडला सांगायची नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. लोकांचा असा समज असतो की म्हाताऱ्याला अर्धा कप चहा पाजला की त्याच्या तोंडाची तोटी सुटते. नांदुऱ्याच्या मार्केट यार्डाबाहेर बसणारे चार रिकामटेकडे महिनाभर "काका, ते बुलढाण्याचं सांगा ना" म्हणून त्याचं डोकं खात होते, आणि त्यांना लावून देणारा होता त्याचाच पोरगा, कुशल. शेवटी म्हातारा वैतागला.

"सांगतो. पन मधात कोनी बोललं तं उठून जाईन. अन उलट्या पायाची बाई येईन म्हून वाट पाहू नका. तसलं काही नाही त्याच्यात. असतं तं बरं झालं असतं, निदान लोकायनं इश्वास तरी ठेवला असता."

मार्तंड चौथी शिकलेला. चाळीस वर्षं त्यानं मॅटाडोरवर सरकी अन ज्वारी वाहिली. गाडी म्हातारी झाली तेव्हा तो तिला भंगारात द्यायला निघाला होता, कुशलनं अडवलं. कुशल कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि सुट्टीत फिरण्याचे व्हिडिओ करतो. त्यानं गाडीत समोरासमोर दोन बाकडी ठोकली, दिवसा बसायची आणि रात्री झोपायची. वर लाल रेग्झीन, मध्ये घडीचं टेबल, मागं शेगडी अन पाण्याची टाकी. याला तो कॅम्परव्हॅन म्हणतो. मार्तंड म्हणतो बिऱ्हाड.

कुशलची कल्पना अशी की गाडी एका जागी लावायची, लॉजचा खर्च नाही, रिक्षाचा खर्च नाही, आणि अख्खं शहर पायानं पाहायचं. पहिलं शहर कोणतं, तर बुलढाणा. पन्नास किलोमीटर. मार्तंडनं आयुष्यात हजारदा तिथं माल टाकला असेल.

"बुलढान्यात पाहाचं काय बे? तिथचे खड्डे मले नावानं ओळखतात."

"तुम्ही गाडीतून पाहिलं बाबा. चालून नाही पाहिलं."

खरं कारण दुसरंच होतं, आणि ते घरात तिघांनाही ठाऊक होतं. चैत्रात मार्तंडनं गाडी मागं घेताना फाटक ठोकलं होतं. नंतर एकदा शेगडी सुरू राहिली. कुशलनं तेव्हाच ठरवलं की बापाची आठवण जात चालली आहे. निघायच्या सकाळी तो आईसमोर स्पष्ट बोलला, "गाडी तुम्ही चालवा. मी चार दिवस पाहतो. एक जरी घोटाळा झाला, तर चावी माझ्याकडं. कायमची."

चाळीस वर्षं ज्या माणसाची ओळखच चावी होती, त्याला हे ऐकवलं. आणि बायको, सुलभा, डब्यात ठेचा भरत राहिली.

२

गाव चालायला चांगलं आहे, एवढं मार्तंडनं कबूल केलं. मे महिना असूनही सकाळची हवा गार. सहाला निघायचं, जयस्तंभ चौकातून बाजाराकडं, तिथून चढानं वर, गल्लीतून गल्लीत. कुठूनही कुठंही अर्ध्या तासात. कुशल मोबाईलमध्ये पावलं मोजायचा. सुलभा घरांची दारं, तुळशी, वाळत घातलेल्या कुरडया पाहत चालायची. इतकी हसताना मार्तंडनं तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. उन्हं चढली की संगम तलावाला वळसा घालून गाडीकडं.

गाडी लावली होती एका बंद गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत. बाजूला रहेमतुल्लाचं पंक्चरचं दुकान. त्यानं नळाचं पाणी भरू दिलं, वर चहाही पाजला. मधे रस्ता अन रस्त्यापलीकडं गोदामाची लांब, पांढरी भिंत.

पहिल्या दुपारी बाराच्या सुमाराला जेवायला बसले. सरकतं दार सताड उघडं. पिठल्यासारखं बेसन, भाकर, ठेचा, कांदा. एका बाकड्यावर मार्तंड अन कुशल, समोरच्यावर सुलभा एकटी. दारावरून सायकलवाला गेला. मार्तंड म्हणाला, "या जेवाले."

"होऊ द्या काका," म्हणून सायकलवाला गेला.

दोन बाया गेल्या. "या जेवाले." त्या हसल्या, "बसा बसा."

कुशलला लाज वाटली. "बाबा, इथं कोण ओळखतं आपल्याला?"

"ओळखीच्याले त कोनीबी बोलावते. मान अनोळखी मानसाचा असते. तो येत नाही, आपन बोलावल्याबिगर राह्यत नाही. एवढं बी कॉलेजात शिकवत नाही काय?"

मग मार्तंडला भिंतीजवळ एक माणूस उभा दिसला. सावलीत, जरा पाठमोरा, धोतर की मळकी पँट ते कळलं नाही. "या जेवाले," मार्तंडनं हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा म्हणाला. नाही.

आता याला काय म्हणावं? बोलावणाऱ्याला उत्तर देत नाहीस म्हणजे त्याच्या ताटावर थुंकलास. मार्तंडचं टाळकं सरकलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला अन मोठ्यानं म्हणाला, "अहो, तुमालेच म्हून राह्यलो. या जेवाले."

"येतो."

आवाज भिंतीकडून आला नाही. पायरीजवळून आला. हळू, अगदी सरळ आवाज, थकलेल्या माणसाला बरं वाटावं तसा. मार्तंडनं वाकून पाहिलं. पायरीशी कोणी नव्हतं. रस्ता नुसता पेटला होता. भिंतही रिकामी.

आणि भिंतीला सावली नव्हती. मे महिन्यात दुपारी बाराला कुठल्याच भिंतीला नसते. चाळीस वर्षं सावली शोधून गाडी लावणाऱ्या माणसाला हे कळायला एवढा वेळ लागला, याचाच त्याला आधी राग आला.

तेवढ्यात गाडी दबली.

३

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. गाडीच्या पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची, भाषा असते. पोतं चढलं की वेगळे कुरकुरतात, माणूस चढला की वेगळे. माणूस आधी एक पाय ठेवतो, गाडी दाराकडं कलते. दुसरा उचलतो, ती सावरते. तसंच झालं. दोन बोटं कलली, सावरली. पण पहिल्याइतकी वर आली नाही.

"कोन चढलं?" मार्तंड म्हणाला.

"कोण चढणार?" कुशल ताटातून वर न पाहता बोलला. "जमीन पोकळ असेल."

मार्तंड खाली उतरला. जमीन मुरमाची, दगडासारखी. टाच मारली तर टाचच दुखली. चाकाखाली वीट सरकवायला गेला. सरकली नाही, फट नव्हतीच. तो पुन्हा वर चढला तेव्हा सुलभा पाणी वाढत होती.

भाकरी सात केल्या होत्या. कुशलच्या दोन, सुलभाची दीड, मार्तंडच्या दोन. टोपल्यात दीड उरायला पाहिजे. उरली अर्धी.

"बाबा, तीन खाल्ल्या तुम्ही."

"दोन."

"तीन. विसरलात."

मार्तंडनं सुलभाकडं पाहिलं. ती टोपलं पुसत होती. "असन बापा," ती म्हणाली, "कोनी मोजून राह्यलं?"

त्या संध्याकाळी शहर पाहताना मार्तंडनं शहर पाहिलं नाही. चालता चालता त्यानं स्वतःची परीक्षा घेतली. नांदुरा ते जालना रस्त्यावरची गावं ओळीनं. विकलेल्या दोन गाड्यांचे नंबर. आपल्या लग्नात कोण कोण रुसलं ते. सगळं बरोबर. मग त्यानं उलटं पकडलं, जालन्याहून नांदुऱ्यापर्यंत. तेही बरोबर. डोकं जाग्यावर होतं. मग भाकर कुठं गेली?

भुतावर त्याचा विश्वास नव्हता. इतकी वर्षं एकट्यानं गाडी चालवली, एकही भेटलं नाही, आणि आता बायको-पोराला घेऊन सहलीला आल्यावर भेटायचं? याला काय अर्थ आहे?

४

दुसऱ्या दुपारी त्यानं कोणालाच "या" म्हटलं नाही. दारावरून माणसं गेली, तो खाली मान घालून जेवला. लाज वाटत होती. बारा वाजले तसे पाटे कुरकुरले. कलली, सावरली, दबून राहिली. या वेळी बोलावण्याची गरज पडली नव्हती.

तो कान देऊन बसला. कुशलच्या कानात इयरफोनची बोंडं होती, तो सकाळचा व्हिडिओ पाहत होता. सुलभा हात आवरून बसली होती. आणि गाडीत भाकर मोडल्याचा आवाज येत होता. कुशल मोडतो तसा घाईचा नाही. ज्याला कुठं जायचं नाही असा माणूस मोडतो तसा. मग चावणं. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा मोडणं.

एवढ्यात रहेमतुल्ला पाण्याची रिकामी कॅन घेऊन दारात आला. साठीचा, हाताला ग्रीस, बोलायला मोकळा.

"चाचा, ये लो तुमचा डबा."

तोंडून निघालंच. जन्माची सवय. "या भाऊ, जेवाले."

"बिस्मिल्ला करा, चाचा." रहेमतुल्लानं आत वाकून पाहिलं अन हसला. "मले कुठं बसवता? दो इधर, दो उधर. गाडी भरली ना तुमची."

तो गेला. मार्तंडच्या हातातला घास तसाच राहिला.

"ऐकलं का बे? दोन तिकडं म्हनला तो."

कुशलनं कानातलं बोंड काढलं. "काय?"

"तिकडं तुही माय एकटी बसेल हाय. तो दोन म्हनला."

"बाबा, तो बाकड्याबद्दल बोलला असेल. दोघांचं बाकडं आहे." मग कुशलनं बोंड पुन्हा घालता घालता आईकडं असं पाहिलं, की मार्तंडला ते भाकरीपेक्षा जास्त लागलं. बघ, मी म्हणत नव्हतो? असं ते पाहणं होतं.

मार्तंड उठून रहेमतुल्लाच्या दुकानात गेला. "भाऊ, गाडीत किती जन पाह्यले तुमी?"

रहेमतुल्ला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. "जितने थे उतने."

"किती?"

तो थांबला. हिशेब चुकल्यासारखा कपाळ आक्रसून त्यानं गाडीकडं पाहिलं. "तुम, तुमचा लडका, चाची…" आणि मग ट्यूबच पाहत राहिला. "धूप बहुत हाय चाचा. तुमी टोपी घालून फिरत जा."

सगळ्यांनाच म्हाताऱ्याच्या डोक्याची काळजी.

५

तिसऱ्या दुपारी मार्तंडनं दार लावून घेतलं. पडदे ओढले. आत भट्टी झाली. कुशल कुरकुरला, सुलभा पदरानं वारा घेत राहिली, पण तो ऐकेना. दाराच्या कडीवर हात ठेवून बसला. बघू कसा येतो.

दार हललं नाही. गाडी कललीही नाही. मार्तंडला बरं वाटलं, हसूही आलं. मग लक्षात आलं की गाडी आधीच दबलेली आहे. सकाळी ते फिरायला गेले तेव्हाही असेल. कदाचित कालपासून.

त्यानं समोरच्या बाकड्याकडं पाहिलं. सुलभा खिडकीकडं सरकून बसली होती. मोकळं बाकडं असताना ती अर्ध्यातच बसली होती. उरलेल्या अर्ध्यात रेग्झीनला खळगा पडला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा, दोन मांड्यांचा. मार्तंड पाहत असतानाच तो जरा पुढं सरकला, जसा घास घ्यायला माणूस ताटावर वाकतो.

मार्तंड घाबरला नाही. म्हणजे घाबरला, पण वर आला तो संताप. मान द्यायला बोलावलं, तर तीन दिवस बसून राहायचं? ही कुठली रीत? बोलावणाऱ्यानं बोलवावं, येणाऱ्यानं येऊ नये, या एका गोष्टीवर सगळा वऱ्हाड चालला आहे. ती मोडायचा याला काय अधिकार? त्यानं टेबलावर थापा मारल्या, ताटं उडाली.

"उठा आता. झालं जेवन. पुरे झालं."

कुशल ताडकन उभा राहिला. "कोणाला बोलता?"

"तुह्या मायच्या बाजूले बसेल हाय त्याले."

"तिथं कोणी नाही, बाबा."

"खळगा पाह्य. पाह्य तरी लेका."

कुशलनं दार सरकवलं, बापाचा दंड धरून त्याला खाली उतरवलं. भर दुपारी. रहेमतुल्ला दुकानातून पाहत होता, त्याचं गिऱ्हाईक पाहत होतं, नळावरच्या बाया हंडे तसेच सोडून पाहत होत्या. त्यांच्यापुढं कुशल ओरडला, "तुमचं डोकं कामातून गेलं, बाबा. मान्य करा अन आम्हाला जगू द्या." आणि त्यानं हात पुढं केला.

मार्तंडनं मागं वळून पाहिलं. सुलभा दारातून दिसत होती. तिच्या एका शब्दाची गरज होती. खरं-खोटं काहीही, नुसतं "राहू दे बे कुशल" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती सांडलेलं बेसन पुसत होती.

मार्तंडनं खिशातून चावी काढून पोराच्या हातावर ठेवली.

६

सकाळी सहलच आवरली. कुशल चालवणार, सुलभा अन मार्तंड मागं बाकड्यांवर, समोरासमोर. आपल्याच गाडीत माल भरल्यासारखा मार्तंड बसला. रहेमतुल्लानं नळावरून हात केला. मार्तंडनं केला नाही.

राजूर घाट लागला. चाळीस वर्षांत मार्तंडनं तो घाट उतरताना एकदाही गिअर चुकवला नव्हता. कुशलनं दुसऱ्याच वळणावर चुकवला. गाडी सुटल्यासारखी झाली, मग त्यानं करकचून ब्रेक मारला. पाण्याची कॅन घरंगळली, भांडी समोर आली, मार्तंड बाकड्याच्या कडेला लटकला.

आणि सुलभाचा हात आपोआप बाजूला गेला. म्हाताऱ्या माणसाला एसटीत तोल जाताना धरतात तसा. हवेत, कोपराच्या उंचीवर, तो हात कशाला तरी लागून थांबला. बोटं मिटली.

"सांभाळून बसा," ती हळूच म्हणाली.

ती मार्तंडला 'सांभाळा जी' म्हणते. सेहेचाळीस वर्षं तेच म्हणते. हे वेगळं होतं. हे पाहुण्याला म्हणायचं बोलणं होतं.

गाडी वळणावर कलली तसं ऊन खिडकीतून सरकत तिच्या मांडीवर आलं. क्षणभरच. तिच्या पदराचं टोक कोणीतरी धरलं होतं. चार बोटं, वरून. नखांत पीठ. ज्वारीचं पांढरं पीठ, सुकून तडकलेलं. लहान लेकरू गर्दीत आईचा पदर धरतं, तितक्या विश्वासानं धरलेला होता. बोटांच्या मागं मनगट असायला पाहिजे तिथं ऊन होतं.

मग वळण संपलं आणि मांडी सावलीत गेली.

मार्तंडनं डोळे वर केले. सुलभा त्याच्याकडंच पाहत होती. किती वेळ पाहत होती कोण जाणे. तिनं एकदा मान हलवली, 'नाही' म्हणतात तशी, अगदी थोडी. बोलू नका.

तो नांदुऱ्यापर्यंत बोलला नाही. घरापुढं गाडी थांबली. कुशल सामान घेऊन आत गेला. सुलभा उतरली आणि दार धरून उभी राहिली. मार्तंड उतरला तरी ती उभीच. मग पाटे कुरकुरले, गाडी दोन बोटं कलली आणि दोन दिवसांनी पुरती वर आली. तेव्हा कुठं तिनं दार लावलं.

७

पुढं कुशल त्याला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं वार विचारला, शंभरातून सात-सात कमी करायला लावले, पाच वस्तू सांगून पुन्हा विचारल्या. मार्तंडनं पाचही सांगितल्या आणि टेबलावरच्या डबीत किती पेनं होती तेही सांगितलं. डॉक्टर कुशलला म्हणाला, यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. अपमान चारचौघांत केला होता म्हणून कुशलनं यार्डात, चारचौघांत, बापाच्या हातात चावी दिली. "चुकलं बाबा," म्हणाला. मार्तंडनं ते घेतलं. पोराचा हिशेब मिटला.

लोकांना वाटतं गोष्ट इथं संपली.

एका सकाळी सुलभा भाकरी थापत होती, तेव्हा त्यानं विचारलं.

"तुले दिसत होतं."

"हाव."

"कवापासून?"

"तुमी तिसऱ्यांदा म्हनलं तवापासून. वर चढला अन माह्याजवळ बसला."

"अन सगळ्यायपुढं मी येडा ठरून राह्यलो होतो तवा?"

तिनं भाकर उलटवली. "तो तुमच्याकडंच पाहून राह्यला होता जी. सारखा. तुमी भांडले तवा बी. मी बोलली असती तं तुमी आनखी भांडले असते."

"मंग? काय केलं असतं त्यानं?"

 तव्यावरची भाकर फुगली, तिनं ती उतरवली. मग आणखी एक गोळा घेतला. कुशलच्या दोन, तिची दीड, मार्तंडच्या दोन. सहा पुरल्या असत्या. ती सातवी थापत होती.

"बोलावलं तं जेवू द्या," ती म्हणाली. "तरास देत नाही. जेवते अन बसते."

तेव्हापासून मार्तंड दुपारचं घरी जेवत नाही. डबा यार्डात खातो, झाडाखाली, भिंतीकडं तोंड करून, आणि मागून कोणी गेलं तर घास तोंडात कोंबून गप्प राहतो. लोक म्हणतात, म्हातारा माणूसघाणा झाला. बुलढाण्याला जायच्या आधी अख्ख्या नांदुऱ्यात त्याच्याइतका रीतीचा माणूस नव्हता.

ज्यानं घरात बस्तान मांडलं त्याच्याकडून मार्तंड माफीची अपेक्षा धरत नाही. त्याला मार्तंडनंच बोलावलं होतं, एकदा नाही, तीनदा. रहेमतुल्लानं खरं पाहिलं तेवढं सांगितलं, पुढं घाबरला. परक्या माणसाचं एवढंच पुष्कळ. पोरानं माफी मागितली. माफी मागायचं राहिलं एकच माणूस. नळावरच्या बायांपुढं नवऱ्याला येडा ठरू दिलं, समोर बसून बेसन पुसलं, आणि आजही दुपारी बाराला दोन ताटं वाढून दार लोटून घेते ती. सुलभा.